सहावीचा एकच वर्ग आणि त्यात चार इयत्तांच्या पातळीची मुले : सर्वांपर्यंत कसे पोहोचावे?

खारफुटी (ऐरोली)

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका मराठी शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते. त्याआधी सहा वर्षे एका कंपनीत होते. ती नोकरी सोडून बी.एड. केले, शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी अशा दोन्ही परीक्षा दिल्या आणि गेल्या वर्षी शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. शिकवणे हे मला मनापासून करायचे होते आणि आजही करायचे आहे, म्हणूनच येथील अनुभवी मंडळींना सविस्तर विचारत आहे.

माझ्या सहावीच्या पटावर ४६ मुले आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या स्तरावर ३५ मुलांमागे एक शिक्षक असायला हवा, परंतु तो प्रश्न माझ्या हातातला नाही. काही मुले गावठाणातील आगरी-कोळी घरांतली आहेत, काहींचे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार आहेत, काहींच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलली जाते, आणि एक मुलगी दगडखाणीच्या वस्तीतून येते. वर्गात एक मुलगी अशी आहे की फळ्यावर उदाहरण लिहून मी मागे वळेपर्यंत तिचे उत्तर तयार असते, आणि तीन मुले अशी आहेत की त्यांना दोन अंकी संख्या नीट वाचता येत नाहीत.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा मुलगा मात्र वेगळाच आहे. त्याच्या आईची वडापावची गाडी आहे आणि संध्याकाळी गल्ल्यावर तोच असतो. एकदा मी स्वतः त्याच्याकडून वडापाव घेतले, तेव्हा त्याने सुट्ट्या पैशांचा हिशेब क्षणात केला. तोच मुलगा वहीत ५०० मधून ३६५ वजा करताना उत्तर २६५ असे लिहितो, आणि मी हातचा कसा घ्यायचा हे चार वेळा समजावल्यानंतरही पाचव्या वेळी २६५ असेच लिहितो.

एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितले होते की काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून शिकतात आणि काही हाताने करून शिकतात, त्यामुळे वर्गाची तशी विभागणी करून प्रत्येक गटाला वेगळा पाठ द्यावा. मी पूर्णांक संख्यांसाठी तसे करून पाहिले. एका पाठाच्या तयारीला दोन संध्याकाळी गेल्या, मुलांना मजा वाटली, पण चाचणीत कोणत्याही गटात फारसा फरक दिसला नाही. दुसरीकडे घटक चाचणीच्या आधी पाठ संपलेच पाहिजेत असा वरून आग्रह आहे. एवढ्या निरनिराळ्या मुलांना एकाच तासिकेत हात धरून पुढे नेणे कसे साधावे? आणि पहिल्या वर्षी आपण या कामाला योग्य आहोत का, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाला पडला होता का?

पारसिक (कळवा)

खारफुटी ताई, मी ३४ वर्षे प्राथमिक शिक्षक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. आपला शेवटचा प्रश्न मला पहिली पाच वर्षे पडत होता, आणि ज्या शिक्षकांना तो कधीच पडला नाही त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर काय चालले आहे हे त्यांना सहसा ठाऊक नसे, असे माझे निरीक्षण आहे.

आपल्या वडापावच्या मुलापासून सुरुवात करतो, कारण तो आपल्याला फार काही सांगत आहे. २६५ हे उत्तर अंदाजाने आलेले नाही. एककाच्या घरात शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून त्याने पाचातून शून्य वजा केले आणि पाच लिहिले. दशकाच्या घरात तसेच सहा लिहिले. शतकात पाचातून तीन गेले आणि दोन उरले. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचे हा एक नियम त्याने स्वतःच तयार केला आहे आणि तो इमानदारीने पाळत आहे. आपण चार वेळा हातचा समजावला, पण त्याचा नियम कोणता आहे हे त्याला एकदाही विचारले नसावे. रागावू नका, मीही कित्येक वर्षे विचारले नव्हते.

गल्ल्यावर तो वजाबाकी करतच नाही. तो ३६५ पासून वर चढत जातो : ३५ दिले की ४०० झाले, आणखी १०० दिले की ५०० झाले, म्हणजे १३५ परत. ही पद्धत पूर्ण बरोबर आहे. त्याला शेजारी बसवा, गाडीवर कसे करतोस ते बोलून दाखव असे म्हणा, आणि त्याचे बोलणे जसेच्या तसे फळ्यावर लिहा. मग खेळातल्या नोटा काढा. शंभराच्या ५ नोटांमधून ३६५ देता येत नाहीत, म्हणून एक शंभराची नोट मोडायची आणि तिच्या दहाच्या १० घ्यायच्या, त्यांतली एक पुन्हा मोडून एकची १० नाणी घ्यायची. आता हातात शंभराच्या ४, दहाच्या ९ आणि एकची १० नाणी आहेत, रक्कम मात्र ५०० च आहे. त्याने हे स्वतः मोडून पाहिले की फळ्यावरच्या त्या लहानशा अंकांना अर्थ येतो. तोपर्यंत हातचा म्हणजे बाईंनी सांगितले म्हणून वर लिहायचा एक आकडा एवढेच त्याच्यासाठी असते.

आपल्या वर्गातील हिंदी भाषक मुलांकडेही असेच जवळून पाहा. एकोणपन्नास म्हणताच ५९ लिहिणारी मुलगी मी पाहिली आहे, कारण तिला त्यात पन्नास आणि नऊ असे ऐकू आले होते. घरी ती उनचास म्हणत असे आणि ४९ बिनचूक लिहीत असे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यानामांच्या प्रचलित वाचनासोबत वीस एक, वीस दोन असे वाचनही दिले गेले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता हे अनेकांना आठवत असेल. गणितज्ज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका त्या वेळी शांतपणे मांडली होती. ज्यांनी अशा मुलांसोबत वर्ग चालवला आहे त्यांना ती अडचण नवी नव्हती.

आगरी मुलांच्या बाबतीत गणितापेक्षा लेखनात हे अधिक दिसते. घरी पानी, शाला, डोला असेच बोलले जाते, त्यामुळे मूल जसे बोलते तसे लिहिते आणि आपण लाल शाईने वही भरून टाकतो. मी स्वतः अशी एक वही भरली होती. त्या मुलाने नंतर महिनाभर वही दाखवलीच नाही. पुढे मी फळ्यावर दोन रकाने करू लागलो, एकात घरची भाषा आणि दुसऱ्यात पुस्तकाची, आणि मुलांनाच जोड्या लावायला सांगू लागलो. मना म्हणजे मला, तुना म्हणजे तुला. बोलीतला शब्द चुकीचा नाही, पुस्तकात तो वेगळ्या रूपात येतो, एवढे समजले की मुले स्वतःहून दुरुस्त करतात. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत तर अंगणवाडी त्यांच्या पाड्यावर न्यावी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवावी, असा त्यांचा विचार होता. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून चालणारी, रस्त्यावरच्या मुलांसाठीची सिग्नल शाळा याच वाटेने जाते. आपल्याला शाळा हलवायची नाही, पण धडा मूल जिथे उभे आहे तिथून सुरू करणे आपल्या हातात आहे.

आता ४६ मुलांना हे कसे जमवायचे? रोज सर्वांजवळ बसता येणार नाही, हे आधी मान्य करा. दररोज चार मुलांजवळ बसा आणि ही तीच चार हुशार मुले नसतील याची नोंद ठेवा. बाकीच्यांसाठी पाटी वापरा. प्रश्न विचारला की सर्वांनी पाटीवर उत्तर लिहायचे आणि मी म्हणेन तेव्हा एकदम वर धरायचे. ज्याने हात वर केला त्यालाच विचारले, तर पाच-सहा मुलेच वर्ग चालवतात. ४६ पाट्या वर आल्या की कोण कुठे अडले हे पाच सेकंदांत दिसते, आणि न बोलणाऱ्या मुलीलाही उत्तर देण्याची जागा मिळते. प्रश्नानंतर थोडे थांबायलाही शिका. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे मोठी व अधिक विचारपूर्वक होतात. तीन सेकंद म्हणजे किती, हे वर्गात उभे राहिल्यावरच कळते. फार लांब वाटतात ते.

वेलांटी (वाशी)

पारसिक सरांशी मी बहुतांशी सहमत आहे. मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते, त्यामुळे दोन गोष्टी जोडते आणि एका ठिकाणी सावध करते.

पाहून, ऐकून आणि करून शिकणारी मुले अशी कायमची विभागणी करू नका, कारण तिला पुरेसा आधार नाही. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याविषयीच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मुलाच्या तथाकथित शैलीप्रमाणे शिकवल्याने ते अधिक शिकते असे दाखवणारा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. आपल्या चाचणीत फरक दिसला नाही, त्यात आपला दोष नाही. चित्र, वस्तू आणि बोलणे या तिन्हींची गरज सर्वच मुलांना असते; कधी काय वापरायचे हे धड्यावरून ठरते. मुलांमध्ये खरा फरक असतो तो आधी काय येते आणि काय येत नाही याचा. आपल्या संध्याकाळी तीन पाठ बनवण्यात घालवण्याऐवजी तिथे लावा. प्रथम या संस्थेची साधी चाचणी आपण पाहिली असेल : वाचनात अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट, तर गणितात संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. एका मुलाला काही मिनिटे पुरतात. त्यावरून दिवसातील एका तासिकेपुरते गट करा आणि दर काही आठवड्यांनी ते बदला. मुलाला आपला गट कायमचा वाटू लागला की ते त्या गटासारखेच वागू लागते.

आता सावधगिरीची गोष्ट. प्रत्येक चूक बोलीची नसते आणि प्रत्येक चूक अध्ययन अक्षमतेचीही नसते. बोलीतून येणारी चूक नियमाने येते, म्हणजे ळ च्या जागी दर वेळी ल आणि ण च्या जागी दर वेळी न. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाच्या चुकांना असा नियम सहसा सापडत नाही. तोच शब्द ते एका पानावर तीन प्रकारे लिहिते, कधी वेलांटी गळते, कधी काना, ओळ वाचताना मधलीच जागा हरवते, आणि तोंडी विचारले तर तेच मूल उत्तम उत्तर देते. अशा वेळी तीन-चार महिन्यांच्या वह्या जपून ठेवा, कारण पुढे तपासणीला त्यांचा फार उपयोग होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नमूद केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि योग्य ठिकाणाहून प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. नवी मुंबईत महापालिकेचे दिव्यांग मुलांसाठीचे ईटीसी केंद्र वाशीला आहे, तेथे पालकांना घेऊन जाता येते. मात्र निदान करणे हे आपले काम नाही. पालकांसमोर तो शब्द उच्चारू नका, आपण काय पाहिले तेवढेच सांगा.

त्याच्याही आधी डोळे आणि कान तपासून घ्या. आपण खाणीच्या वस्तीतील मुलीविषयी लिहिले, पण ती वर्गात काय करते हे लिहिले नाही. ती कुठे बसते? मागून नावाने हाक मारली तर वळते का?

कळवाखाडी

मधेच विचारतो, क्षमस्व. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात आहे आणि वरील चर्चा वाचून मला लहान मुलांना, म्हणजे पहिली ते चौथीला शिकवावेसे वाटू लागले आहे. बी.एड.वर तसे करता येईल का?

घोडबंदर (ठाणे)

कळवाखाडी, सध्या येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नसल्याचे स्पष्ट केले आहे. त्यासाठी दोन वर्षांची प्राथमिक शिक्षण पदविका (डी.एल.एड.) आणि पात्रता परीक्षेचा पहिला पेपर लागतो. सहावी ते आठवीसाठी बी.एड. आणि दुसरा पेपर चालतो. दोन्ही पेपर १५० गुणांचे असतात आणि खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यासाठी ९० गुण लागतात. ही परीक्षा पुढे ढकलू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होणे भाग पडले आहे, आणि आमच्या शिक्षक-कक्षात पन्नाशीच्या जवळ आलेले सहकारी रात्री अभ्यास करत आहेत. भरतीसाठी याशिवाय २०० गुणांची अभियोग्यता चाचणी असते आणि निवड शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून होते. रुजू झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवकाचे मानधन मिळते. २०२३ मध्ये वाढ होऊन ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये झाले. ठाण्यात भाड्याचे घर घेऊन राहणाऱ्याला यात ओढाताण होते, म्हणून घरच्यांशी आधी मोकळेपणाने बोलून घ्या.

खारफुटी ताई, पाठ संपवण्याच्या आग्रहाबद्दल. मीही या दडपणाखाली दोन वर्षे सहावीला अपूर्णांक धावत शिकवले आणि तीच मुले आठवीला माझ्याकडे आली, तेव्हा मला तेच अपूर्णांक पुन्हा शिकवावे लागले. तेव्हापासून मी जूनमध्येच पुस्तक घेऊन बसतो आणि पुढचे सर्व ज्यांवर उभे आहे असे घटक आधी ठरवतो. सहावीत माझ्या मते ते पूर्णांक, अपूर्णांक, दशांश आणि गुणोत्तर हे आहेत. तिथे वेळ सढळ हाताने देतो. स्तंभालेख आणि सममिती मुले गटात, एकमेकांच्या मदतीने लवकर करतात, तिथे वेळ वाचतो. मुख्याध्यापकांकडे मी तक्रार घेऊन गेलो नाही, वर्षभराचे वेळापत्रक कागदावर मांडून घेऊन गेलो. लेखी आणि तारखांसह मांडले की बहुतेक जण ऐकून घेतात.

अशैक्षणिक कामांबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो, कारण पहिल्या वर्षी नव्या शिक्षकाकडे बरीच माहिती भरण्याची कामे सरकवली जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकाला जुंपता येत नाही. भांडायला जाऊ नका, पण कलम माहीत असू द्या.

खारफुटी (ऐरोली)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. पारसिक सर, वेलांटी ताई आणि घोडबंदर सर, आपण एवढा वेळ दिलात त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

मी त्या मुलाच्या बाकावर जाऊन बसले आणि २६५ कसे आले ते विचारले. त्याने बोट ठेवून सांगितले, “बाई, शून्यातून पाच जात नाही ना, मग पाचातून शून्य.” सरांनी लिहिले होते अगदी तेच. मग गाडीवर कसे करतोस असे विचारल्यावर तो आधी गप्प झाला. त्याला वाटले की गाडीवर बसतो म्हणून मी रागावणार आहे. दुसऱ्या दिवशी त्याने फळ्यापाशी उभे राहून ३६५ पासून ५०० पर्यंत चढून दाखवले. पाट्या वर धरायला लावल्या तेव्हा मला कळले की २६५ लिहिणारे ४६ पैकी १७ जण होते. मी हा एकाच मुलाचा प्रश्न समजत होते.

नोटा मोडण्याला दोन तासिका लागल्या. त्या वेळी सर्वांत आधी उत्तर काढणाऱ्या मुलीला मी वेगळे काम दिले : हातचा अजिबात न घेता हीच वजाबाकी करून दाखव. ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिने ५०० मधला १ बाजूला ठेवला, ४९९ मधून ३६५ वजा करून १३४ आणले आणि बाजूला ठेवलेला १ त्यात मिळवला. या शाळेत मी तिला पहिल्यांदाच विचार करताना पाहिले. एरवी ती फक्त वाट पाहत असे. वडापावच्या मुलाने तिची पद्धत वहीत उतरवून घेतली, आणि आता दोघे रोज एकमेकांना अवघड वजाबाक्या घालतात.

दोन अंकी संख्या न वाचणाऱ्या तिघांपैकी एक हिंदी भाषक निघाली. तिला हिंदीत विचारले तर शंभरपर्यंतच्या जवळजवळ सर्व संख्या येतात. राहिलेल्या दोघांसाठी रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटे काड्यांचे गठ्ठे घेऊन बसते. त्यांच्या वह्या मी जपून ठेवत आहे.

वेलांटी ताई, खाणीच्या वस्तीतील मुलगी मागून दुसऱ्या बाकावर, खिडकीपाशी बसत होती. तिच्या पाटीवर दर वेळी उत्तर असायचे, पण पाटी वर करण्याआधी ती शेजारणीच्या पाटीकडे पाहायची, आणि मी ते नक्कल करणे समजत होते. आपला प्रश्न वाचल्यावर मी मागून दोनदा हाक मारली. ती वळली नाही. शेजारणीने कोपराने ढोसले तेव्हा वळली. डाव्या कानातून लहानपणापासून पाणी येते, असे आईने नंतर सांगितले. तिला पहिल्या बाकावर अशा बाजूला बसवले आहे की उजवा कान माझ्याकडे राहील. फळ्याकडे तोंड करून बोलणेही मी बंद केले आहे. कालच्या तासाला तिने शेजारी न पाहता पाटी वर केली. उत्तर चुकले होते, पण ते तिचे स्वतःचे होते. येत्या गुरुवारी कानाची तपासणी आहे, आणि तिचे वडील त्या दिवशी कामावर खाडा करून सोबत येणार आहेत. जाताना कोणते कागद बरोबर न्यावेत, एवढे कृपया कळवावे.

वेलांटी (वाशी)

मुलीचे आणि वडिलांचे आधार कार्ड, शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र आणि आधी कोठे उपचार झाले असतील तर त्या चिठ्ठ्या. शक्यतो तपासणी सुरू होण्याच्या वेळेआधी पोहोचा, म्हणजे वडिलांना दुसरा खाडा करावा लागणार नाही. आणि वर्गात आपण काय पाहिले, ती कोणत्या बाजूने हाक मारल्यावर वळते आणि कोणत्या बाजूने वळत नाही, हे अर्ध्या पानावर लिहून त्यांच्याजवळ द्या. डॉक्टरांसमोर वडिलांना ते नीट सांगता येईलच असे नाही.